कशाला पेटंट मिळत नाही? कलम ३ विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात कोणत्या गोष्टींना पेटंट मिळत नाही, हे नेमके कुठे लिहिले आहे?

पेटंट कायदा, १९७० च्या दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे कलम ३ आणि कलम ४ मध्ये. शासकीय मराठीत पेटंटला 'एकस्व' म्हणतात. पण अर्जदार, एजंट आणि न्यायालयात बोलणारे सगळे 'पेटंट'च म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. हा कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि त्यातील कलम ३ आज ज्या स्वरूपात आहे ते मुख्यतः २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी घडवले आहे. 'पुढील गोष्टी या कायद्याच्या अर्थाने शोध नव्हेत' अशा अर्थाच्या वाक्याने ते सुरू होते आणि मग इंग्रजी वर्णमालेतील ए पासून पी पर्यंतची यादी येते. मधला जी गाळलेला आहे. उत्पादनाच्या वेळी वापरायच्या चाचणीपद्धती त्याखाली येत असत. २००२ च्या दुरुस्तीने तो खंड वगळला आणि चाचणीपद्धतींचा मार्ग मोकळा झाला.

यादी वाचताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी. कायदा तुमच्या वस्तूकडे किंवा विषयाकडे पाहत नाही, तो तुमच्या क्लेमकडे पाहतो, म्हणजे अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या त्या वाक्यांकडे, ज्यांत तुम्ही हक्क नेमका कशावर मागत आहात ते सांगितलेले असते. 'हळदीला पेटंट मिळते का' किंवा 'सॉफ्टवेअरला पेटंट मिळते का' हे प्रश्न म्हणूनच अर्धवट आहेत. त्याच हळदीवरील किंवा त्याच सॉफ्टवेअरवरील एक क्लेम कलम ३ मध्ये अडकतो आणि दुसरा सुटतो.

माझी वस्तू नवीन आहे, तरी ती कलम ३ मध्ये कशी अडकू शकते?

कारण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. कलम २(१)(जे) नुसार शोध नवीन असावा लागतो, त्यात कल्पकतेची पायरी असावी लागते आणि तो उद्योगात वापरण्याजोगा असावा लागतो. कलम ३ त्याच्या आधी विचारते की ही गोष्ट 'शोध' या सदरात बसते तरी का. पूर्णपणे नवीन असलेला बुद्धिबळाचा प्रकार नवीनच असतो, तरीही तो खेळण्याची पद्धत असल्याने ३(एम) खाली बाद होतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. कलम ३ मधून सुटलेली गोष्ट कल्पकतेच्या पायरीवर अडखळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, लेथवर भांडी पकडून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट टिकू दिले नाही. लेथ, भांडे, पकड यांपैकी काहीही कलम ३ मध्ये बसत नव्हते. पण कारखान्यातील कोणत्याही जाणत्या कारागिराला सुचेल अशी सुधारणा पेटंटला पुरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. अर्ज नाकारला गेला की 'कलम तीन लागले' असे सरसकट म्हणण्याची सवय दिसते. नाकारण्याचे पत्र नीट वाचावे, कारण दोन्ही आक्षेपांची उत्तरे अगदी वेगळी असतात.

मी निसर्गात काही शोधून काढले. त्याला पेटंट का नाही?

येथे मराठीच आपल्याला फसवते. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला असे आपण म्हणतो आणि ग्राहम बेलने टेलिफोनचा शोध लावला असेही म्हणतो. दोन्हीला एकच शब्द. कायद्याला मात्र हे दोन शोध वेगळे वाटतात. जे आधीपासून होते आणि तुम्हाला केवळ सापडले, ते ३(सी) नुसार पेटंटच्या बाहेर राहते, मग तो वैज्ञानिक सिद्धांत असो, निसर्गात आढळणारा निर्जीव पदार्थ असो किंवा सजीव. जे नव्हते आणि तुम्ही घडवले, त्याचा विचार होतो.

सह्याद्रीतील एखाद्या झऱ्याच्या मातीत कोणाला नवा जिवाणू सापडला, तर त्या जिवाणूवर पेटंट मिळणार नाही. त्याच जिवाणूत जनुकीय बदल करून निसर्गात न आढळणारा प्रकार तयार केला, तर तो ३(सी) च्या बाहेर येतो. आणि ३(जे) मधील वनस्पती-प्राण्यांच्या बंदीतून सूक्ष्मजीव मुद्दाम वगळलेले असल्याने तेथेही अडत नाही. अमेरिकेत हा प्रश्न १९८० मध्ये डायमंड विरुद्ध चक्रवर्ती या खटल्यात सुटला. तेल पचवणाऱ्या जिवाणूचे निर्माते आनंद मोहन चक्रवर्ती हे मूळचे बंगालचे होते आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

अर्जातील जैविक सामग्रीचे शब्दांत पुरेसे वर्णन करता येत नसेल आणि ती लोकांना उपलब्ध नसेल, तर ती मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय ठेव संस्थेत जमा करावी लागते. महाराष्ट्रातील संशोधकांना त्यासाठी दूर जावे लागत नाही, कारण भारतातील अशा संस्थांपैकी एक पुण्यात आहे, दुसरी चंडीगडला. ठेव अर्जाच्या तारखेनंतर करून चालत नाही, हा साधा नियम विसरल्याने चांगले अर्ज अडचणीत येतात.

औषधांच्या संदर्भात सतत ऐकू येणारे ३(डी) म्हणजे काय?

हा कलम ३ मधील सर्वाधिक गाजलेला खंड आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप सापडले आणि त्या रूपाने पदार्थाची ज्ञात परिणामकारकता वाढत नसेल, तर तो शोध नव्हे, असे ३(डी) सांगते. क्षार, एस्टर, ईथर, स्फटिकांचे वेगवेगळे प्रकार, शुद्ध रूप, कणांचा आकार, आयसोमर, शरीरात पदार्थाचे विघटन होऊन बनणारी रूपे हे सर्व मूळ पदार्थच मानावेत, असे खंडाखालील स्पष्टीकरणात म्हटले आहे. परिणामकारकतेच्या बाबतीत गुणधर्म लक्षणीय वेगळे असतील, तरच अपवाद.

हे २००५ मध्ये का आले, याला कारण आहे. त्या वर्षापासून भारतात औषधाच्या रेणूवरच पेटंट देणे सुरू झाले. त्याआधी ते केवळ बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळत असे. रेणूचे वीस वर्षांचे पेटंट संपत आले की त्याच्या क्षारावर आणि मग स्फटिकावर नवे पेटंट घ्यायचे आणि मुदत लांबवत न्यायची, ही चाल संसदेला रोखायची होती.

या खंडाची खरी कसोटी नोव्हार्टिस या कंपनीच्या ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरील औषधात लागली. मूळ रेणू इमॅटिनिब. त्यापासून इमॅटिनिब मेसायलेट हा क्षार आणि त्या क्षाराचा बीटा स्फटिक. चेन्नईला १९९८ मध्ये दाखल झालेल्या अर्जात हक्क मागितला होता तो या बीटा स्फटिकावर. कंपनीचे म्हणणे असे की हा स्फटिक अधिक स्थिर आहे, ओलावा कमी धरतो, यंत्रात अधिक सहज वाहतो, आणि रक्तात तो सुमारे तीस टक्के अधिक उपलब्ध होतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारात्मक परिणामकारकता, असे त्यांनी ठरवले. गोळी बनवणे सोपे झाले किंवा साठवण सुधारली, याने रोग अधिक बरा होत नाही. तीस टक्क्यांचा आकडा तर इमॅटिनिबच्या मूळ रूपाशी तुलना करून काढला होता. न्यायालयाच्या मते 'ज्ञात पदार्थ' मेसायलेट क्षार होता आणि त्याच्याशी केलेली तुलना समोर आलीच नाही. शिवाय रक्तातील उपलब्धता वाढल्याने उपचाराचा परिणाम आपोआप वाढतो, असे गृहीत धरता येत नाही. तो दाखवावा लागतो.

त्या काळी ग्लिवेकचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा साधारण आठ ते दहा हजार रुपये सांगितला जात असे. ही तफावत सर्वांना आठवते. अर्जदाराने मात्र निकालातील पुराव्याची चर्चा आठवावी, कारण या निकालाने नव्या रूपांना सरसकट दार बंद केलेले नाही. योग्य पदार्थाशी तुलना आणि उपचाराचा पुरावा, या दोन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याच्यासाठी ते उघडे आहे.

मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या फ्युमरेट क्षाराबाबतचा अर्ज नाकारला. त्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रिया होत्या. पेटंट मिळण्यापूर्वीचा असा विरोध 'कोणीही व्यक्ती' नोंदवू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जुन्या औषधाचा नवा उपयोग सापडला तर?

नाही. ॲस्पिरिन डोकेदुखीवर ठाऊक होते. ते हृदयविकारात उपयोगी पडते हे कळणे वैद्यकशास्त्राला कितीही मोलाचे असले, तरी ३(डी) च्या दुसऱ्या भागानुसार ज्ञात पदार्थाचा नुसता नवा उपयोग हा शोध नव्हे.

दोन गोष्टी एकत्र करून नवी वस्तू बनवली, तर चालेल का?

एकत्र येऊन त्या काय करतात, यावर ते अवलंबून आहे. पाण्यात साखर आणि रंग मिसळून सरबत केले तर साखर गोडीच देते आणि रंग रंगच देतो. गुणांची नुसती बेरीज झाली आणि ३(ई) लागले. मिश्रणात घटक एकमेकांचा परिणाम वाढवत असतील, दोन आणि दोनचे पाच होत असतील, तर ३(ई) लागत नाही. पण ते पाच आकड्यांत दाखवावे लागतात. प्रत्येक घटकाची स्वतंत्र चाचणी, मिश्रणाची चाचणी आणि दोन्हींची तुलना असे तक्ते स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनातच, असावेत. 'उत्कृष्ट परिणाम मिळतो' या वाक्याला परीक्षकाच्या टेबलावर काही किंमत नसते.

यंत्रांसाठी हाच विचार ३(एफ) मध्ये आहे. बादलीला टॉर्च लावली, छत्रीत पंखा बसवला, घड्याळ आणि रेडिओ एका पेटीत घातले, तर प्रत्येक भाग आपापले जुने काम आपापले करत राहतो. अशा वस्तू बाजारात छान खपतील, आणि दिसण्यात नावीन्य असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली त्यांची नोंदणीही होऊ शकेल, पण पेटंट मिळणार नाही. एका भागाच्या जोडणीमुळे दुसरा भाग वेगळ्या रीतीने काम करू लागला, तर मात्र गोष्ट बदलते.

शेतीतील पद्धतीला पेटंट मिळते का?

३(एच) नुसार शेतीची किंवा फळबागेची पद्धत पेटंटच्या बाहेर आहे. निफाडकडील एक द्राक्ष बागायतदार एकदा एक वही घेऊन माझ्याकडे आले होते. वहीत खरड छाटणीच्या आणि गोडी छाटणीच्या तारखा, घड बुडवायच्या जी. ए. या वाढ-संजीवकाच्या द्रावणाचे प्रमाण, कोणत्या टप्प्यावर किती वेळा बुडवायचे, सगळे सहा हंगामांचे टिपण होते. पानांना द्रावणाचे डाग पडलेले. ही पद्धत पेटंट करायची असे त्यांचे म्हणणे होते आणि मला 'नाही' म्हणावे लागले, कारण तो कितीही कष्टाचा असला तरी बाग करण्याचा क्रम होता.

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक मग काढला. मगाच्या कडेला अर्धवट कापलेली खाच होती, दांडा थोडा वाकवलेला होता आणि आत एक गाळणी बसवली होती, जिच्यामुळे घड बाहेर काढताना उरलेले द्रावण पुन्हा मगातच पडत असे आणि मजुराच्या बाहीवर ओघळत नसे. हे गावातल्या वेल्डरकडून चार वेळा बदलून घेतले होते आणि त्यांच्या मते ते सांगण्याजोगे नव्हतेच. ३(एच) ला या मगाशी काही देणे-घेणे नाही. साधन हे साधन आहे. ते नवीन आहे का आणि त्यात कल्पकता आहे का, एवढीच पुढची परीक्षा. अर्ज मगाचा झाला, वही त्यांनी घरी नेली.

एक बारीक पण उपयोगी बाब येथेच सांगतो. माणसे, प्राणी आणि वनस्पती या तिघांवरील उपचारपद्धती पूर्वी ३(आय) खाली बाद होत. २००२ च्या दुरुस्तीने त्यातून 'वनस्पती' हा शब्द काढून टाकला. त्यामुळे पिकाला रोगाचा प्रतिकार करता यावा यासाठीची एखादी प्रक्रिया आता ३(आय) मध्ये येत नाही. तीच प्रक्रिया ३(एच) मधील 'शेतीची पद्धत' आहे, असा आक्षेप मात्र परीक्षक घेतात, आणि रेषा कोठे ओढायची यावर खरा वाद तेथे होतो.

बियाणे, वाण आणि बीटी कापूस यांचे काय?

वनस्पती आणि प्राणी, त्यांचे भाग, बियाणे, वाण, जाती आणि मूलतः जैविक असलेल्या उत्पादन प्रक्रिया ३(जे) ने बाहेर ठेवल्या आहेत. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना हा खंड माहीत नसला, तरी त्यावरून झालेला वाद त्यांच्या शेतातल्या बियाण्याबद्दलच होता. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचे पेटंट बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करवणाऱ्या जनुकीय रचनेवर आणि ती वनस्पतीत घालण्याच्या पद्धतीवर होते. नुझिवीडू या भारतीय बियाणे कंपनीशी झालेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये ते ३(जे) च्या आधारे रद्द केले. ती रचना बियाण्यात गेली की बियाण्याचाच भाग होते, असा त्या निकालाचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी तो निकाल बाजूला ठेवला आणि तज्ज्ञांचे पुरावे घेऊन पूर्ण सुनावणी व्हावी, म्हणून प्रकरण एकल न्यायाधीशांकडे परत पाठवले. या निकालाने बियाण्यावर पेटंट मिळाले असे काही जण सांगतात. तसे झालेले नाही. प्रश्न पुराव्याविना सोडवू नये, एवढेच न्यायालय म्हणाले.

नव्या वाणासाठी वेगळा कायदा आहे: पिकांच्या जातींचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क कायदा, २००१. त्याखाली वाण नोंदवता येते आणि शेतकऱ्याचा बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्कही शाबूत राहतो. मात्र नोंदणीकृत वाणाचे बियाणे त्याला ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. पेटंटमध्ये शेतकऱ्याला असा हक्क देणारे काही नाही, म्हणून हे दोन कायदे वेगळे ठेवणे मला रास्त वाटते.

शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धतीला, निदानाला किंवा लसीला पेटंट मिळते का?

माणसांवर किंवा प्राण्यांवर करायच्या वैद्यकीय, शस्त्रक्रियेच्या, प्रतिबंधक, निदानाच्या आणि उपचाराच्या प्रक्रिया ३(आय) ने बाद ठरतात. टाके घालण्याची नवी रीत एखाद्या सर्जनने काढली, तर उद्या दुसऱ्या सर्जनला ती वापरण्यापूर्वी परवाना मागावा लागू नये, हा त्यामागचा विचार. त्या शस्त्रक्रियेसाठी बनवलेली सुई, औषध किंवा यंत्र ३(आय) मध्ये येत नाही.

निदानाच्या बाबतीत शरीराबाहेर, नुसत्या रक्ताच्या नमुन्यावर केलेल्या चाचणीचे काय, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. 'निदान' हा शब्द शरीरावर प्रत्यक्ष केलेल्या क्रियेपुरता मर्यादित नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. मात्र चाचणीतून रोगाचे निदान खरोखर होते का, हे प्रत्येक क्लेमच्या बाबतीत पाहावे लागते.

लस बनवण्याची प्रक्रिया ही उपचाराची प्रक्रिया नव्हे. कोंबड्यांच्या रोगावरील, जिवंत विषाणू असलेल्या लसीच्या प्रक्रियेला पेटंट कार्यालयाने नकार दिला होता. अंतिम वस्तूत सजीव आहे एवढ्या कारणाने प्रक्रियेचे पेटंट नाकारता येत नाही, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने २००२ मध्ये डिमिनॅको प्रकरणात दिला.

माझ्या ॲपला किंवा सॉफ्टवेअरला पेटंट मिळेल का?

३(के) मध्ये चार गोष्टी आहेत: गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, संगणक प्रोग्रॅम 'पर से', म्हणजे केवळ प्रोग्रॅम म्हणून, आणि अल्गोरिदम. वाद गेली वीस वर्षे 'पर से' या दोन शब्दांवर चालू आहे. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशात उद्योगातील तांत्रिक वापर आणि हार्डवेअरशी जोडणी यांना सूट देणारी शब्दरचना होती. संसदेने २००५ मध्ये ती स्वीकारली नाही. पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी नव्या हार्डवेअरची अट घातली आणि २०१७ च्या सूचनांनी ती काढून टाकली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात सांगितले की आजच्या काळात बहुतेक शोध प्रोग्रॅमवर चालतात, आणि केवळ तेवढ्या कारणाने ते सगळे बाद करणे हे मागे जाणे ठरेल. शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर तो विचारात घ्यावा.

व्यवहारात याचा अर्थ काय, तर भाजीविक्रेत्याला ग्राहकाशी जोडणारे ॲप हा व्यवसाय आहे, तो मोबाइलवर चालतो एवढ्याने तंत्रज्ञान होत नाही. त्याच ॲपमध्ये कमकुवत नेटवर्कवर डेटा पाठवण्याची अशी रीत असेल की फोनची बॅटरी किंवा मेमरी कमी खर्च होते, तर क्लेम त्या रीतीवर लिहावा. 'पर से' चा दिलासा व्यवसायपद्धतीला लागू होत नाही, हेही दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ओपनटीव्ही प्रकरणात सांगितले. तेथे बंदी पूर्ण आहे. स्टार्टअपच्या संस्थापकांना हे ऐकायला आवडत नाही. प्रोग्रॅमच्या कोडला कॉपीराइट कायदा, १९५७ चे संरक्षण आपोआप असते, पण ते लिखाणाला, कल्पनेला नाही.

आजीच्या बटव्यातील किंवा आयुर्वेदातील औषधाला पेटंट मिळते का?

परंपरेने ज्ञात असलेले घटक, त्यांचे ज्ञात गुण किंवा त्या गुणांची बेरीज यांवर ३(पी) ने बंदी घातली आहे. यामागे हळदीची गोष्ट आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुन्या ग्रंथांतील उतारे आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ चा लेख पुराव्यात ठेवून फेरतपासणी मागितली आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

या गोष्टीतील एक तपशील नेहमी सुटतो. अमेरिकेच्या कायद्यात ३(पी) सारखा खंड नाही. तेथील पेटंट पडले ते नावीन्य नसल्याने, आणि नावीन्य नाही हे लिखित पुराव्याने सिद्ध करावे लागले. प्रत्येक घरातल्या फोडणीच्या डब्यात हळद आहे, हे तोंडी सांगून भागले नसते. त्यानंतर पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. त्यात चार लाखांहून अधिक औषधयोग, म्हणजे औषधांच्या कृती, पाच परदेशी भाषांत उतरवले आहेत, म्हणजे परदेशी परीक्षकाला ते वाचता येतात. ३(पी) आपल्या कायद्यात २००२ मध्ये आला.

त्यामुळे कडुनिंब, हळद आणि तुळस यांचा लेप त्वचेसाठी, असा अर्ज करून पैसे घालवू नयेत. हळदीतील एखाद्या घटकाला शरीरात टिकवणारी नवी वाहक रचना किंवा अर्क काढण्याची वेगळी प्रक्रिया असेल, तर ३(पी) ओलांडता येतो. मात्र लगेच ३(ई) आणि ३(डी) वाट पाहत असतात. भारतातील जैविक संसाधन वापरले असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ खालील प्रक्रियाही पाळावी लागते.

यादीतील उरलेले खंड कोणते?

ते लवकर सांगता येतात. निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारे दावे ३(ए) खाली येतात. इंधन न घालता अखंड चालणारे यंत्र घेऊन येणारे अर्जदार अजूनही भेटतात आणि बहुधा तेच सर्वांत जास्त उत्साही असतात. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य किंवा पर्यावरण यांना गंभीर बाधा आणणारे शोध ३(बी) खाली: बनावट नोटा छापण्याचे यंत्र, अन्नातील भेसळीची पद्धत. कविता, नाटक, चित्र, संगीत, चित्रपट हे ३(एल) खाली, आणि त्यांची जागा कॉपीराइटमध्ये. मनातल्या मनात करायच्या क्रियेची आणि खेळण्याची पद्धत ३(एम); शंभर वर्षांचे कॅलेंडर किंवा रेल्वेचे वेळापत्रक यांसारखी माहितीची मांडणी ३(एन); सेमीकंडक्टर चिपवरील मांडणी ३(ओ), तिच्यासाठी २००० चा स्वतंत्र कायदा आहे. अणुऊर्जेशी संबंधित शोध १९७० च्या कायद्याने कलम ४ मध्ये वेगळे काढले आणि त्यांना १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याशी जोडले.

त्याच शोधाला अमेरिकेत किंवा युरोपात पेटंट मिळाले आहे. मग भारतात नकार कसा?

पेटंट त्या त्या देशापुरते असते आणि प्रत्येक देश आपली यादी आपण करतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या कराराच्या अनुच्छेद २७ ने किमान चौकट दिली आहे आणि उपचारपद्धती, वनस्पती, प्राणी बाहेर ठेवण्याची मुभाही दिली आहे. ग्लिवेकच्या त्याच स्फटिकाला अनेक देशांत पेटंट होते. उलटही घडते: मानवी डीएनएचा नुसता वेगळा काढलेला तुकडा पेटंटयोग्य नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले, आणि तोवर तेथे अशी पेटंटे वर्षानुवर्षे दिली जात होती.

तपासणी अहवालात कलम ३ चा आक्षेप आला आहे. आता काय करावे?

पहिला तपासणी अहवाल, म्हणजे बोलीत एफईआर, मिळाल्यावर उत्तरासाठी सहा महिने असतात आणि मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास ती तीन महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. आक्षेप वाचून घाबरून क्लेम कापत सुटू नये. खंड कोणता, तो कोणत्या क्लेमला लावला आहे आणि परीक्षकाने कारण दिले आहे का, हे आधी पाहावे. ३(के) असेल तर तांत्रिक परिणाम स्पेसिफिकेशनच्या कोणत्या परिच्छेदात आहे ते दाखवावे. ३(ई) असेल तर तक्ता. ३(डी) असेल तर योग्य ज्ञात पदार्थाशी तुलना. ३(आय) असेल तर पद्धतीवरील क्लेम सोडून साधनावरील क्लेम राखता येतो का, ते पाहावे.

अडचण येते ती कलम ५९ ची. दुरुस्तीने क्लेम आखूड करता येतो, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेली गोष्ट नंतर आत घालता येत नाही आणि क्लेमची व्याप्ती मूळ क्लेमच्या बाहेर नेता येत नाही. निफाडच्या त्या बागायतदारांनी वहीवरच अर्ज करून टाकला असता आणि मगाचा उल्लेखही केला नसता, तर आक्षेप आल्यावर ते साधन त्या अर्जात आणता आले नसते. त्यासाठी नवा अर्ज, नवी तारीख, आणि तोवर ते साधन बाजारात आले असेल तर नावीन्यही गेलेले.

उत्तरानंतरही आक्षेप राहिला, तर सुनावणी मागता येते. कलम १५ खाली नकार आला, तर कलम ११७ए नुसार तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते. पूर्वी ही अपिले ज्या अपील मंडळाकडे जात, ते २०२१ मध्ये बरखास्त झाले. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात, त्यामुळे त्यांची अपिले मुंबई उच्च न्यायालयात जातात.

पेटंट मिळाले की कलम ३ ची भीती संपली का?

नाही. पेटंट प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत संबंधित व्यक्ती त्याला विरोध करू शकते, आणि ती मुदत गेली तरी कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते. ज्याच्यावर तुम्ही उल्लंघनाचा दावा लावाल, तो बहुतेक वेळा पहिल्याच उत्तरात ही मागणी करतो. बीटी कापसाच्या प्रकरणात नेमके तसेच घडले. म्हणून परीक्षकाच्या नजरेतून निसटलेला, कलम ३ मध्ये बसणारा क्लेम हा मिळालेला लाभ समजू नये. दावा लावण्यापूर्वी आपलेच क्लेम एकदा प्रतिवादीच्या वकिलाच्या नजरेने वाचून घ्यावेत.